झेवियर कॉलेज आणि आपली मुले

(ढाणकी येथील समाजाच्या वार्षिक मेळाव्यात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय मी कार्यकारिणीपुढे ठेवला, तेव्हा एकदोन सभासदांनी सौम्य शब्दांत शंका प्रदर्शित केली, की गुरुजी, पाद्र्यांच्या कॉलेजाची कथा आपल्या मेळाव्यात कशासाठी? शंका रास्त आहे. तिचे उत्तर एवढेच, की यंदा बारावीस उत्तम गुण मिळविलेल्या आपल्या तीन मुलांनी, त्यांत दोन मुली आहेत, मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजाचे नाव घरी काढले, आणि तिन्ही घरांत एकाच प्रकारचा वाद उपस्थित झाला. मुले बाटतील, पैसा पुरणार नाही, इंग्रजी झेपणार नाही. या तिन्ही घरची वडील मंडळी माझ्याकडे येऊन गेली. तिघांना तीनदा सांगण्यापेक्षा सर्वांना एकदाच सांगावे, असा विचार मी केला.

प्रथमच हेही सांगितलेले बरे, की मी मॅट्रिक होऊन शिक्षकाची पदविका घेतलेला मनुष्य आहे. विद्यार्थी म्हणून मी कोणत्याही कॉलेजाच्या बाकावर बसलो नाही. मी जे सांगणार आहे ते काही वाचनातून, काही त्या वास्तूस दिलेल्या दोन भेटींतून, आणि पुष्कळसे माझ्या हाताखाली शिकून पुढे तेथे तीन वर्षे काढून आलेल्या आपल्याच भागातील एका मुलीकडून समजलेले आहे. तिचे नाव तिच्या इच्छेनुसार मी घेत नाही.

आता कॅथलिक विद्यापीठ म्हणजे काय, हे पाहू. युरोपात ही परंपरा फार जुनी आहे. बेल्जियममधील लूव्हेनचे विद्यापीठ 1425 सालचे आहे. आशियात मनिला येथे डोमिनिकन पंथाच्या साधूंनी 1611 साली सांतो तोमासचे विद्यापीठ स्थापिले. जेझुइटांनी त्याच शहरी 1859 साली आतेनेओ ही संस्था काढली आणि टोकियोत 1913 साली सोफिया. आपल्या देशात मात्र इंग्रज सरकारने निराळीच घडी बसविली. 1857 साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. विद्यापीठाने परीक्षा घ्यावयाची, पदवी द्यावयाची. शिकविण्याचे काम संलग्न कॉलेजांनी करावयाचे. त्यामुळे पाद्र्यांना येथे विद्यापीठ काढता आले नाही, कॉलेजे काढता आली. अलीकडे ही स्थिती थोडी पालटली आहे. बंगळूरच्या ख्राइस्ट कॉलेजास 2008 साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि कोलकात्यास 2017 साली सेंट झेवियर्स विद्यापीठ सुरू झाले. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर मुंबईचे झेवियर कॉलेज हेच त्या परंपरेचे सर्वांत जुने व ठळक उदाहरण होय. आपल्याला जवळचे हवे असेल, तर नागपुरास सेमिनरी हिल्सवर 1956 साली स्थापन झालेले सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॉलेज आहे. त्याचाही विचार पालकांनी अवश्य करावा.

या ठिकाणी थोडे विषयांतर करतो. ज्या वर्षांत आपल्याकडे परीक्षा घेणारी विद्यापीठे उभी राहत होती, त्याच सुमारास, 1852 साली, आयर्लंडमधील डब्लिन शहरी जॉन हेन्री न्यूमन नावाच्या इंग्रज धर्मगुरूने विद्यापीठ या विषयावर व्याख्याने दिली. पुढे 1854 साली तेथे कॅथलिक विद्यापीठ उघडले आणि न्यूमन त्याचे पहिले प्रमुख झाले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की केवळ परीक्षा घेऊन पदव्या वाटणारी संस्था आणि कसलेच पाठ न देता तरुणांना तीनचार वर्षे एकत्र ठेवणारी संस्था, यांतून एक निवडावयाची झाली, तर मनुष्य घडविण्याच्या दृष्टीने दुसरीच बरी. तरुण माणसे एकमेकांपासून शिकतात, एकमेकांचे कोपरे घासून काढतात, हे त्यामागचे कारण.

हा विचार मला फार पटतो, आणि तो पटण्याचे कारण आपल्या डोळ्यांपुढे आहे. आपल्या तालुक्यातील, व शेजारच्या तालुक्यांतीलही, किती मुले कॉलेजात नाव घालतात आणि वर्षभर गावातच असतात! जूनमध्ये प्रवेश, मग कापूस वेचणी, हळदीची काढणी, एखाद्या दुकानावर बसणे, आणि परीक्षेच्या आधी पंधरा दिवस गाईड. पदवी मिळते. मी त्या मुलांना दोष देत नाही, घरची शेती कोणी तरी पाहिलीच पाहिजे. परंतु ज्याला शिक्षण म्हणावयाचे ते त्या मुलांच्या अंगास लागलेले नसते. न्यूमनसाहेबांनी ज्या परीक्षाघरावर टीका केली, ते परीक्षाघर आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचले आहे.

आता झेवियरकडे वळू. जेझुइट हा कॅथलिक साधूंचा संघ. स्पेनच्या इग्नेशियस लोयोला यांनी स्थापिलेल्या या संघास 1540 साली पोपची मान्यता मिळाली. त्याचे आरंभीचे सभासद फ्रान्सिस झेवियर 1542 साली गोव्यास उतरले; त्यांचेच नाव या कॉलेजास आहे. गोव्यातील त्या काळच्या पोर्तुगीज राजवटीने धर्माच्या नावाखाली जे अत्याचार केले, ते इतिहासात नमूद आहेत आणि ते मी झाकू इच्छित नाही. परंतु त्याच संघातील फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने मराठी आत्मसात करून ओवीछंदात ‘क्रिस्तपुराण’ रचिले व ते 1616 साली छापले गेले, हेही त्याच इतिहासात आहे. आपल्या काळातही पुण्यास राहिलेले फ्रेंच जेझुइट फादर गी देलरी पंढरीच्या वारीत चालले, आणि विठ्ठलभक्तीवरील त्यांचा ग्रंथ 1960 साली डेक्कन कॉलेजाने प्रसिद्ध केला. आपल्यापैकी माळकरी मंडळींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

झेवियर कॉलेजाची स्थापना 1869 सालच्या जानेवारीत जर्मन जेझुइटांनी केली. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून त्यांच्यावर इंग्रज सरकारचा रोष झाला, त्यांना जावे लागले, आणि पुढे स्पेनचे जेझुइट आले. मुंबईस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून महानगरपालिकेच्या इमारतीवरून धोबीतलावाच्या दिशेने चालू लागले, की दहाबारा मिनिटांत ती दगडी वास्तू दिसते. कमानी, मनोरे, आत चौक. आमच्या नांदेडहून निघणारी तपोवन गाडी त्याच स्थानकात जाते, म्हणजे ढाणकीच्या मुलास मुंबईत गाडी बदलण्याचेही कारण नाही.

या कॉलेजाचे मला विशेष वाटते ते तेथील दोन संग्रहांमुळे. एक वनस्पतींचा. फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस जेझुइट. 1934 साली ते वारले. वनस्पतींचे सुकविलेले नमुने कागदावर डकवून, त्यांवर नाव, ठिकाण आणि तारीख लिहून ठेवण्याचे जे भांडार तेथे आहे, त्याला त्यांचे नाव दिलेले आहे. त्यात सुमारे दोन लाख नमुने आहेत. त्यांच्या मागून आलेले फादर सांतापाव हे स्पॅनिश. त्यांनी भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालकपद भूषविले आणि 1967 साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्याच भांडारात काम केलेले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक राजेंद्र शिंदे पुढे या कॉलेजाचे प्राचार्य झाले. नाव ऐकून आपण काय ते समजलात.

दुसरा संग्रह इतिहासाचा. फादर हेन्री हेरास 1922 साली मुंबईस आले. स्पेनचा हा मनुष्य विजयनगरच्या साम्राज्यात व मोहेंजोदडोच्या लिपीत इतका बुडाला, की येथलाच झाला. त्यांनी 1926 साली इतिहास संशोधनाची संस्था कॉलेजातच काढली. नाणी, मूर्ती, पोथ्या जमविल्या. 1955 साली त्यांचे निधन झाले, आणि 1981 साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. या संस्थेच्या ग्रंथमालेत 1939 साली एका मराठी मुलीचा प्रबंध प्रसिद्ध झाला. विषय होता प्राचीन बौद्ध संघाचे कायदे. ती मुलगी म्हणजे दुर्गा भागवत. ज्या दुर्गाबाई पुढे मध्य प्रांतात गोंडांच्या वस्त्यांतून हिंडल्या, ज्यांनी 1975 साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला निर्भयपणे विरोध केला, त्याच या. एका पाद्र्याच्या संस्थेत बसून एका हिंदू मुलीने बुद्धाच्या विनयाचा अभ्यास करावा, यात बाटण्याबाटविण्याचा प्रश्न कोठे आला? क्रिकेटवेड्या मुलांसाठी एवढेच सांगतो, की सुनील गावसकरही याच कॉलेजाचे.

हे झाले थोरामोठ्यांचे. सामान्य मुलाचे तेथे काय होते, हे आपल्याला हवे आहे. माझी विद्यार्थिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, बारावी विज्ञान उमरखेडास. ती झेवियरला वनस्पतिशास्त्र घ्यावयास गेली. पहिले तीन महिने ती वर्गात बोललीच नाही. प्राध्यापकांचे इंग्रजी तिला समजे, कारण ते सावकाश व विषयाला धरून असे; समजत नसे ते बरोबरीच्या मुलामुलींचे. ते हसत कशाला, हेच कळत नसे. व्याख्यान चालू असता ती इंग्रजी शब्द देवनागरीत टिपून घेई आणि रात्री त्यांची अक्षरे शब्दकोशात शोधी. तिची ती वही मी पाहिली आहे. पहिल्या सहामाहीच्या पानांवर देवनागरी दाट आहे. चौथ्या सहामाहीत ती जवळजवळ नाहीशी होते, फक्त वनस्पतींची गावठी नावे तेवढी मराठीत राहतात. टाकळा, गोखरू, रुई, कुडा. ही नावे तिच्या वर्गात तिच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. सुकविलेल्या नमुन्यांच्या त्या भांडारात एकदा तिने एक नमुना पाहताक्षणी ओळखला, कारण तीच वनस्पती आमच्या बांधावर वाढते. त्या दिवसापासून वर्गातली मुले तिला विचारू लागली. इंग्रजी तिला पुढे आलेच, पण मान आधी तिच्या ज्ञानाला मिळाला, आणि मग जिभेची भीड गेली.

तेथील अभ्यासाची रीतही आपण समजून घ्यावी. 2010 सालापासून हे कॉलेज स्वायत्त आहे. म्हणजे पदवी मुंबई विद्यापीठाचीच. परंतु अभ्यासक्रम व परीक्षा कॉलेज स्वतः ठरविते. वर्षाचे दोन भाग. प्रत्येक भागात अंतिम परीक्षेखेरीज वर्षभर चालणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाचे गुण निराळे. कधी निबंध, कधी प्रकल्प, कधी वर्गापुढे उभे राहून बोलणे. या मुलीने पहिला निबंध आपल्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे पुस्तकातून उतरवून दिला. तो शेरा मारून परत आला, की हे पुस्तकाचे म्हणणे झाले, तुझे काय? ती मला म्हणाली, गुरुजी, माझे म्हणणे असे मला बारा वर्षांत कोणी विचारलेच नव्हते. त्या बारांतली काही वर्षे आमच्या शाळेची होती. मी गप्प राहिलो.

याशिवाय प्रत्येक विद्यार्थ्याला साठ तास समाजसेवा करावी लागते. त्यावाचून सुटका नाही. 2003 साली कॉलेजाने अंध विद्यार्थ्यांसाठी केंद्र काढले आहे; पडद्यावरील अक्षरे वाचून दाखविणारे संगणक तेथे आहेत. आमच्या मुलीने आपले तास अंध मुलांना पुस्तके वाचून दाखविण्यात घातले, आणि तिचे इंग्रजी वाचन सुधारले ते तेथेच, असे ती सांगते. पावसाळ्यात मल्हार नावाचा मुलांचा मोठा उत्सव होतो, 1979 सालापासून. जानेवारीत शास्त्रीय संगीताची मैफल असते. पंडित-उस्ताद त्या चौकात येऊन गातात. पैसेवाल्या घरची मुले, झोपडपट्टीतून आलेली मुले, वसईची ख्रिस्ती मुले, पारशी, बोहरी, मारवाडी, आणि त्यांत एक ढाणकीकडची. हीच न्यूमनसाहेबांची कोपरे घासण्याची जागा. सर्वच गोड असते, असेही नाही. उंची कपड्यांचा, मोबाइलचा, उपाहारगृहांचा मोह तेथे आहे. काही मुले त्यात वाहून जातात. आणि शहर जात विचारीत नाही, हा समज खोटा आहे. एका खाजगी वसतिगृहात या मुलीस आडनावावरून उलटसुलट प्रश्न विचारले गेले व जागा नाही असे सांगितले. दुसऱ्या दिवशी तीच जागा दुसरीला मिळाली. ती रडली नाही, दुसरी जागा शोधली. कॉलेज चांगले असले, तरी ते शहरात आहे, हे विसरू नये.

आता बाटण्याची भीती. भारताच्या राज्यघटनेचे अठ्ठाविसावे कलम स्पष्ट आहे. सरकारची मान्यता वा मदत घेणाऱ्या संस्थेत कोणाही विद्यार्थ्यास त्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसविता येत नाही. त्या आवारात प्रार्थनामंदिर आहे. ज्याला जावयाचे तो जातो. आमची मुलगी तीन वर्षांत दोनदा आत गेली, दोन्ही वेळा परीक्षेच्या आदल्या दिवशी, आणि तिथे बसून तिने हनुमानाचे स्तोत्र म्हटले. (सभेत हशा.) आपण हसता, पण मला वाटते तेथील फादरांनाही ते ऐकून आनंदच झाला असता.

मात्र दुसरी एक गोष्ट आहे, जी आपल्याला फारशी माहीत नाही आणि जिच्यामुळे मुले ऐन वेळी फसतात. तिकडे जरा लक्ष द्यावे. आपल्या घटनेच्या तिसाव्या कलमाने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला आहे. झेवियर ही अशी संस्था. तेथील निम्म्या जागा ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या असतात. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली निम्म्यापर्यंतची ही मर्यादा मान्य केली. आणि 2005 साली घटनादुरुस्तीने जे पंधराव्या कलमाचे पाचवे उपकलम आले, ज्यामुळे खाजगी कॉलेजांतही मागासवर्गीयांना राखीव जागा ठेवण्याचा कायदा करता येतो, त्यातून अल्पसंख्याकांच्या संस्था स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. त्यामुळे जातीचा दाखला हाती आहे एवढ्या भरवशावर आपल्या मुलाने तेथे जाऊ नये. मुंबईतील गुजराती, सिंधी मंडळींच्या अनेक नामांकित कॉलेजांनाही हाच न्याय लागू आहे. उरलेल्या निम्म्या जागांसाठी साऱ्या महाराष्ट्रातली, किंबहुना देशातली, हुशार मुले येतात. हे न्याय्य की अन्याय्य, यावर आपल्या समाजात दोन मते असणार. माझे मत असे, की ज्या हक्काने लहान समाजाला आपली शाळा राखता येते तो हक्क मोडू नये. पण ज्या संस्था सरकारी अनुदान घेतात त्यांनी कायद्याची सक्ती नसतानाही गावाकडच्या गरीब मुलांसाठी थोड्या जागा आपणहून मोकळ्या ठेवाव्यात. काही ठिकाणी तसे होतेही. पण मागणी आपण केली पाहिजे, आणि ती गुणांच्या बळावर केली पाहिजे.

शुल्काविषयी थोडक्यात सांगतो. कला व विज्ञान शाखांतील जुने विषय अनुदानित आहेत, त्यांचे शुल्क आवाक्यातले असते. व्यवस्थापन, माध्यमे, संगणक हे नवे अभ्यासक्रम विनाअनुदानित. ते महाग, आणि त्यांतील काहींना प्रवेशपरीक्षाही असते. शासनाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावे लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, बँकेचे खाते आधारशी जोडलेले, हे सारे जूनपूर्वी तयार ठेवावे. दर वर्षी नियम बदलतात, म्हणून कोणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये.

खरा खर्च शुल्काचा नाही, राहण्याजेवण्याचा आहे. मुंबईत एका मुलाच्या खोलीचे व खानावळीचे भाडेच एका एकर सोयाबीनचे निव्वळ उत्पन्न गिळून बसते. आणि येथे मला आपल्या समाजाला, थोडे अप्रिय वाटले तरी, एक गोष्ट सांगावयाची आहे. गेली सहा वर्षे आपण समाजमंदिराच्या सभागृहासाठी निधी जमवीत आहोत. जागा झाली, पाया झाला. सभागृह झाले म्हणजे लग्ने होतील, भाडे येईल, हे खरे. परंतु राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात वसतिगृहे उघडण्यास प्रारंभ केला, आणि एकेका समाजाकडून त्याच्या मुलांसाठी वसतिगृह काढविले, तेव्हा त्यांनी मंगल कार्यालयाचा विचार आधी केला नाही. पैनगंगेच्या या काठची मागच्या पिढीतील मुले अमरावतीस किंवा नागपुरास जात, पलीकडची निजामाच्या राज्यातली मुले हैदराबादेस उर्दूत शिकत. आणि जी जात ती कोणाच्या तरी ओसरीवर, कोणाच्या तरी वारावर राहून. ओसरी देणारे होते म्हणून वकील झाले, डॉक्टर झाले. आज ओसऱ्या नाहीत, वार लावून जेवण्याची रीतही उरली नाही. त्याची जागा समाजाने घेतली नाही, तर ती कोणी घेणार नाही.

म्हणून मी कार्यकारिणीपुढे लेखी सूचना ठेवली आहे. सभागृहाचे छत दोन वर्षे लांबणीवर टाकावे, त्या निधीच्या व्याजातून मुंबईस वा नागपुरास शिकणाऱ्या तीन मुलांचा राहण्याचा खर्च द्यावा. त्यांत किमान एक मुलगी असावी. ही देणगी नव्हे, बिनव्याजी उसनवारी असावी, नोकरी लागल्यावर परत करावयाची, म्हणजे पुढच्या मुलास मिळेल. काही सभासदांचे म्हणणे, मुले परत करणार नाहीत. काही करणार नाहीत, मान्य आहे. पण आपण दुकानदार लोक उधारीवर माल देतोच की नाही? मी माझ्या निवृत्तिवेतनातून एका महिन्याची रक्कम आजच खजिनदारांकडे दिली आहे, ती पावती फाडून घेतली आहे.

सूचनेवर मतदान दुपारच्या सभेत आहे. ज्यांना ती नापसंत असेल त्यांनी उभे राहून बोलावे, मागे कुजबुजू नये. जेवणानंतर मी उत्तरेकडच्या खोलीत बसणार आहे. बारावीची मुले व त्यांचे पालक यांनी गुणपत्रिका व दाखले घेऊन यावे. सोबत ती विद्यार्थिनीही आहे, सध्या ती पुण्यास पुढील शिक्षण घेते आणि मेळाव्यासाठी मुद्दाम आली आहे. इंग्रजीची भीती ज्यांना असेल त्यांनी तिची ती वही पाहून घ्यावी; तिने ती सोबत आणली आहे.